स्पीकर बंद ठेवा, आम्हाला गाऊ द्या

इंग्लंडमधल्या तमाम पबमालकांना, मालकिणींना आणि व्यवस्थापकांना,



हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. चार माणसांनी मिळून गाण्याबद्दल मला जे काही कळतं ते मराठीतच कळलेलं आहे, आणि ते आधी आपल्या भाषेत नीट मांडल्याशिवाय तुमच्या भाषेत मला धड सांगता यायचं नाही. इंग्रजी करून तुमच्या हाती देण्याचं काम माझं. तोवर इथले आणि तिकडचे मराठी लोक ते वाचतील. त्यांच्याही कामाचं यात थोडं आहे.

निमित्त घडलं गेल्या फेब्रुवारीत. मी शेफिल्डच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे; इथे येऊन १९ वर्षं झाली. आमच्या वॉर्डातली एक सहकारी ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाली, म्हणून आम्ही बाराजण एका पबमध्ये जमलो होतो. मंगळवारची रात्र, आठचा सुमार, आमच्याखेरीज दोनच टेबलं भरलेली. जेवणं झाली आणि निघायच्या आधी तिने तिच्या आजीचं एक गाणं हळू आवाजात म्हणायला घेतलं. दुसऱ्या ओळीला आमच्यातल्या दोघीतिघींनी सूर धरला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काटा-चमचा खाली ठेवला, थोडा वेळ ऐकलं आणि मग तेही गुणगुणायला लागले. तेवढ्यात व्यवस्थापक आला. तरुण मुलगा, बोलला अगदी अदबीने: इथे गाता येणार नाही, आमच्याकडे परवाना नाही. आणि विषय तिथेच मिटावा म्हणून त्याने छतातल्या स्पीकरचा आवाज वाढवला. आजीचं गाणं दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर थांबलं. तिने पर्स उचलली, आम्ही कोट घातले आणि बाहेर पडलो.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला वरून जे सांगितलं होतं ते त्याने केलं. पण त्याला चुकीचं सांगितलं होतं, आणि तीच चूक तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात घर करून आहे असं मला दिसतं. म्हणून आधी कायद्याचं उरकून घेते.

तुमच्या देशात गाण्याच्या पाठीमागे परवाना लागला त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली. १७५१ च्या कायद्याने लंडन आणि भोवतालच्या २० मैलांत नाचगाण्याच्या जागांना तो लागू झाला. १९६१ च्या कायद्याने दोन कलाकारांपर्यंत सूट दिली. तिसरा आला की वेगळा परवाना. २००३ चा कायदा नोव्हेंबर २००५ मध्ये अमलात आला आणि ती दोघांची सूटही गेली. मग २०१२ मध्ये लाइव्ह म्युझिक ॲक्ट आला. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून इंग्लंड-वेल्समध्ये सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात माईक, अ‍ॅम्प्लिफायर न लावता गायला परवाना लागत नाही. आणि गिऱ्हाइकांना बसल्याबसल्या गावंसं वाटलं आणि ती गायली, तर सरकारी मार्गदर्शिकेनुसार ती परवान्याची बाबच नव्हे. पैसे भरून परवाना घ्यावा लागतो तो त्या छतातल्या स्पीकरवरच्या संगीताचा.

एका काळी बंदी होती, खरं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सहापेक्षा जास्त गिऱ्हाइकं मिळून गायला लागली तर त्यांना थांबवणं तुमच्यावर बंधनकारक झालं होतं. ते योग्यच होतं. त्या वर्षी मी करोनातून उठलेल्या माणसांना पुन्हा पोटातून श्वास घ्यायला शिकवत होते. माणसाच्या श्वासातून काय पसरतं हे मला कोणी सांगायला नको. पण तो नियम कागदावरून कधीच उठला. काही ठिकाणी मनातून उठायचा राहिला आहे.

आता गिऱ्हाइकांनी मिळून गावं का, या मूळ प्रश्नाकडे येते. गावं. अगदी ठामपणे सांगते, गावं. आणि हे मला ज्या जागेने शिकवलं ती जागा तुमच्याच एका गावात आहे.

शेफिल्डच्या वायव्येला टेकडीवर डंगवर्थ नावाचं गाव आहे. तिथे रॉयल हॉटेल आहे. नाव हॉटेल असलं तरी आहे पबच. ११ नोव्हेंबरच्या युद्धविराम दिनानंतर येणाऱ्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दर रविवारी दुपारी तिथे लोक नाताळची गाणी गायला जमतात. शेजारच्या वॉरलमध्ये आणि त्या पट्ट्यातल्या आणखी काही गावांतही हे चालतं. मी इथे आले त्याच वर्षी मला तिथे घेऊन गेली ती हीच माझी सहकारी, जिचं गाणं फेब्रुवारीत अर्ध्यावर राहिलं.

गाणं बाराला सुरू होणार होतं. आम्ही साडेअकराला पोचलो तर बसायला सोडाच, उभं राहायला जागा नव्हती. ओल्या लोकरी कोटांचा वास, खिडक्यांच्या काचा वाफेने पांढऱ्या, भरलेले ग्लास डोक्यांवरून हातोहात मागे चाललेले. कोपऱ्यात एक इलेक्ट्रिक ऑर्गन. वाजवणाऱ्याने एका ओळीपुरती चाल वाजवली आणि सगळी खोली एका दमात गायला लागली. मी समोर बघत होते, गायक कुठे आहे म्हणून. समोर कोणीच नव्हतं. माझ्या डाव्या कानाशी एक धिप्पाड शेतकरी खर्जात गात होता, उजवीकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्याच्या बरोबर वरच्या सप्तकात. बायकांनी एक ओळ टाकायची, पुरुषांनी मागून येऊन तीच उचलायची, शेवटचे शब्द दोनदा तीनदा फिरवून घ्यायचे आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचं. तो खर्ज माझ्या पायाखालच्या फळ्यांतून वर येत होता. माझ्या छातीच्या पिंजऱ्यात तो हलताना मला कळत होता, आणि छातीचा पिंजरा हा तर माझ्या रोजच्या कामाचा विषय.

मी तिथे का रडले ते सांगायला हवं. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. गुरुवारी रात्री देवळात हेच व्हायचं: बुवाने चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा, पखवाज चढत जायचा, आणि ज्याला गळा नाही तोही त्या गर्दीत सुरात यायचा. इथे येऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत मी कुणाबरोबर एक ओळ गायले नव्हते, आणि आपल्याला कशाची भूक लागली आहे हे तोवर मला कळलंही नव्हतं.

डंगवर्थच्या गाण्यांतलं सगळ्यात लाडकं गाणं मेंढपाळांचं आहे, रात्री रानात कळप राखत बसलेल्या मेंढपाळांचं. शब्द नेहम टेट या कवीचे, १७०० साली छापलेले. चाली मात्र इतक्या, की एका रविवारी तेच गाणं तीन-चार वेगवेगळ्या चालींत गातात आणि कुणाला कंटाळा येत नाही. त्यातली एक चाल कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभाराने बांधली, ती १८०५ साली छापून आली. पुढे तीच चाल यॉर्कशरवाल्यांनी आपल्या इल्कलीच्या माळाच्या गाण्याला लावली आणि मूळ मालक लोकांच्या विस्मृतीत गेला. माझ्या माहेरी पेरणीच्या आधी धनगर आमच्या शेतात मेंढरं बसवायचे. रात्रभरात रानाला खत मिळायचं, वडील त्यांना ज्वारी द्यायचे. कुत्रं भुंकलं की वाड्यावरून हाळी यायची. त्यामुळे हे गाणं समजायला मला ख्रिस्ती असण्याची गरज पडली नाही. कळप राखत जागणारी माणसं मी पाहिलेली होती.

आणि ही गाणी पबमध्ये आली कशी, हे तुम्ही तरी विसरू नये. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला गावोगावच्या चर्चमध्ये मागच्या सज्जात गावकऱ्यांचा ताफा असे. सारंगीच्या जातीची वाद्यं, क्लॅरिनेट, आणि गाणारे म्हणजे सुतार, चांभार, शेतमजूर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चर्चला शिस्त लावायची लाट आली. सज्जे पाडले, ऑर्गन बसवले, झगे घातलेली गायकमंडळी पुढे आली आणि ह्या ठसकेबाज चाली गावंढळ ठरल्या. टॉमस हार्डीने १८७२ च्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत असाच एक ताफा बाजूला सारला जाताना रंगवला आहे. बहुतेक ठिकाणी ती गाणी ताफ्याबरोबर संपली. शेफिल्डच्या टेकड्यांवर संपली नाहीत, कारण ती पबमध्ये जाऊन बसली. देवाच्या घरून हाकललेली गाणी तुमच्या आजे-पणज्यांनी ठेवून घेतली! चर्चमध्ये गाणारे होते तेच पबमध्येही होते, फक्त छप्पर बदललं. इयन रसेल यांच्यासारख्या अभ्यासकाने अर्धशतकाहून जास्त काळ ह्या गाण्यांमागे घालवला आहे. आणि ही गाणी म्हणजे कुलपात जपून ठेवलेली ठेव नव्हे. १९५० मध्ये स्टॅनिंग्टनच्या एका ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी नवी चाल बांधली, ती आता जुन्यांच्या रांगेत बसून गायली जाते.

तुमच्यातल्या कित्येकांना वाटेल, गाणं हवं तर आम्ही कराओके ठेवतो की. ठेवा. कराओकेला माझी हरकत नाही, मी स्वतः गायले आहे. पण तिथे एकजण गातो आणि बाकीचे बघतात. पडद्यावर शब्द पळत असतात, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मी मागते आहे ते वेगळं आहे. गाणाऱ्यांनी एकमेकांकडे बघावं आणि ऐकणारा वेगळा कोणी उरू नये.

एक आठवण सांगते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आई इथे आली होती. पब म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आली ती आपल्याकडची परमिट रूम: काळ्या काचा, मिणमिणते दिवे, आत फक्त पुरुष, आणि दारावरून जाताना बायकांनी मान खाली घालायची. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, तिथून ते नाव आलं. आणि परवान्याची ती खोली कधी घर झालीच नाही. मी तिला म्हटलं, तू एकदा ये, नाही आवडलं तर पाच मिनिटांत निघू. ती नऊवारीवर माझा जाड कोट घालून डंगवर्थला आली. तिला बघून एका माणसाने न बोलता आपली खुर्ची दिली. संत्र्याचा रस घेऊन ती दोन तास बसली. शब्द एक कळत नव्हता, पण मांडीवर बोटांनी ताल चालू होता. ऑर्गनवाला विश्रांतीला उठला तेव्हा एका म्हाताऱ्याने नुसत्या गळ्यावर गाणं उचललं, आणि आई माझ्या कानाशी म्हणाली, “अगं, पट्टी चढली. वरच्या जागेला अडकतील.” दुसऱ्या कडव्यात अडकलेच. सगळी खोली हसली, म्हाताऱ्याने दोन स्वर खाली घेतलं, पुन्हा पहिल्यापासून. आईने मान हलवली, वडिलांच्या पेटीशी बसून हलवायची तशी. त्या दिवसानंतर तिला मी परक्या देशात एकटी आहे असं कधी वाटलं नाही. फोनवर विचारते, रविवारी गेली होतीस का गायला?

आता तुमच्या हरकती. त्यातली एक इतकी खरी आहे की ती तुमच्याआधी मीच मांडते.

एकत्र गाण्याची मला भीतीही वाटलेली आहे. शनिवारी सामना सुटल्यावर ट्राममध्ये पन्नास माणसं एका आवाजात गायला लागतात तेव्हा मी दाराशी सरकते. रात्री रस्त्याने पुरुषांचा घोळका गात येत असला तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. आणि एकदा एका पबमध्ये शेजारच्या टोळक्याने माझ्याकडे आणि माझ्या मैत्रिणीकडे बघत एक गाणं सुरू केलं. त्याचे शब्द मी इथे लिहिणार नाही. गाण्यात जी ताकद परक्याला आत घेते तीच ताकद परक्याला भिंतीला लावते. सूर चांगला लागला म्हणून ती बदलत नाही. पण त्या दिवशी काय झालं तेही ऐका. मालकीण बारमागून बाहेर आली. साठीची, ठेंगणी बाई. त्यांच्या टेबलावर तळहात टेकवून म्हणाली, “माझ्या घरात नाही.” आवाजसुद्धा चढवला नाही. गाणं थांबलं, ते उठून गेले. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच पबमध्ये गेले, आणि अजून जाते.

म्हणून ही हरकत मला गाणं बंद करण्याचं कारण वाटत नाही. तिथे तुमची गरज आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तुमच्याकडे याची रीतही होती. सफोकमध्ये ईस्टब्रिज गावातल्या ईल्स फूट या पबमधली शनिवारची गाण्याची मैफल बीबीसीने १९३९ साली ध्वनिमुद्रित केली. तिथे एकजण अध्यक्ष असे. तो टेबलावर ठोका देऊन शांतता करायचा, कुणाची पाळी ते सांगायचा आणि गाणं संपलं की शाबासकी द्यायचा. त्या भागातला रिवाज असा की पाळी आली की गा, नाहीतर काही म्हणून दाखव, नाहीतर पैसे मोज. आमच्या भजनाला बुवा असतो, तसाच हा. सगळ्यांचं गाणं म्हणजे बेबंद गाणं असं कुठेच नसतं. कुणीतरी पट्टी धरावी लागते, कुणीतरी पुरे म्हणावं लागतं.

बाकीच्या हरकती लहान आहेत. बारमागच्या मुलीला ऑर्डर ऐकू यायला हवी, तिच्या कानांना विसावा हवा. डंगवर्थला ऑर्डरी दोन गाण्यांच्या मधे दिल्या जातात आणि तेवढ्यासाठी मुद्दाम थांबतात. शेजाऱ्यांची झोप; मग अकराला गाणं थांबवा, दारं लावून घ्या. ज्याला नुसतं पेपर वाचत बसायचं आहे त्याचा हक्क. तो मला फार मोठा वाटतो, म्हणून तर रोज गा असं मी म्हणतच नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ, आणि मागची खोली असेल तर ती. मी दारू पीत नाही, लिंबू-सोडा घेऊन बसते. माझ्यासारखी गिऱ्हाइकं पबमध्ये एरवी का यावीत? पण गायला आम्ही येऊ, दोन-दोन ग्लास घेऊ, जेवूही.

धंद्याचं तुम्हाला मी काय सांगावं! २००० साली ब्रिटनमध्ये ६० हजारांच्या आसपास पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास उरलेत. कर, वीजबिलं, दुकानातली स्वस्त दारू, ही कारणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता आणि चार गाण्यांनी ती जाणार नाहीत. पण माणूस घरचा सोफा सोडून बाहेर का येतो, हेही एकदा बघा. घरी पडदा मोठा आहे, बिअर स्वस्त आहे, संगीत हवं ते लागतं. तुमच्याकडे असलेली आणि घरी नसलेली गोष्ट एकच, इतर माणसं. आणि त्यांच्याशी बोलायची सोय तुम्ही स्पीकर लावून बंद केली आहे. गाण्याने माणसं किती लवकर जवळ येतात यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांचे नवे वर्ग घेतले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती, पण गाणारी पहिल्या महिन्यातच आली. अनोळखी माणसांना जवळ यायला तुमच्या पबमध्ये सात महिने कुठे मिळतात? एक संध्याकाळ मिळते.

माझं मागणं इतकंच. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. स्पीकर आणि टीव्ही बंद करा. नुसता आवाज कमी करून चालत नाही, बंदच करा. स्टेज नको, माईक नको, बक्षिसं नकोत. गावात पट्टी धरणारं माणूस असतंच, त्याला किंवा तिला बोलावून आणा आणि पहिले काही आठवडे पाचच डोकी आली तरी नेट धरा. काय गायचं ते आमच्यावर सोडा. इथल्या मराठी मंडळींनाही मी सांगते आहे की गणपतीच्या दहा दिवसांत भाड्याच्या हॉलमध्ये आरतीला लागतो तो आवाज उरलेल्या वर्षभर घशात कोंडून ठेवू नका. शेजारच्या पबमध्ये जा, त्यांची गाणी शिका आणि मागितलं तर आपलं एखादं द्या.

आणि फेब्रुवारीतल्या त्या पबच्या व्यवस्थापकाला, हे पत्र त्याच्यापर्यंत पोचलं तर: माझ्या सहकारिणीच्या आजीच्या त्या गाण्याची चार कडवी आहेत. तुमच्याकडे आमची दीड झाली. तिच्या घरी आम्ही बाकीची शिकून घेतली आहेत. येत्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी, आठ वाजता, आम्ही बाराहीजण त्याच टेबलावर येतो आहोत. त्या आजोबांनाही निरोप द्या.

आपली,
शेफिल्डची एक गिऱ्हाईक